इंजिनाचा नंबर काय? वर्गातल्या रिमिक्सचा जुना इतिहास

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिससाठी विषय हवा. माध्यमं आणि शिक्षण या भागात काम करू पाहणारे बरेच जण हल्ली एका विषयापाशी येऊन थांबतात: विद्यार्थ्यांच्या हातात तयार व्हिडिओ द्यायचे, त्यांनी ते कापायचे, जोडायचे, आवाज बदलायचा, आणि यातून त्यांची माध्यमसाक्षरता वाढते का ते बघायचं. विषय चांगला आहे. पण पूर्वेतिहासाचं प्रकरण बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून सुरू होतं. 2005 साली यूट्यूब आलं, 2008 साली लॉरेन्स लेसिगचं 'रिमिक्स' हे पुस्तक आलं, त्याच वर्षी अमेरिकेत माध्यमशिक्षणासाठी 'फेअर यूज'ची आचारसंहिता निघाली, आणि मग रिमिक्स वर्गात शिरलं. तारखा बरोबर आहेत. सुरुवात मात्र सुमारे पंच्याऐंशी वर्षं उशिरा धरलेली आहे.

हे नुसतं सनावळीचं भांडण नाही बरं का. सुरुवात कुठे धरता यावर तुमचं गृहीतक ठरतं. यूट्यूबपासून सुरुवात केली की एक वाक्य आपोआप खरं वाटायला लागतं: ज्याला स्वतःला कापता-जोडता येतं, त्याला कोणी फसवू शकत नाही. मॉस्कोपासून सुरुवात केली तर हेच वाक्य तपासायला घ्यावं लागतं.

तर मॉस्को, 1919. क्रांतीला दोन वर्षं झालेली, यादवी युद्ध चालू. ऑगस्टमध्ये लेनिनच्या फर्मानाने चित्रपट व्यवसायाचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि त्याच वर्षी तिथे सरकारी चित्रपट शाळा सुरू झाली. शाळा होती, विद्यार्थी होते, फिल्म नव्हती. रशियात कच्ची फिल्म तयारच होत नसे, ती बाहेरून यायची, आणि नाकेबंदीमुळे तेही बंद झालेलं. लेव्ह कुलेशोव्ह हा जेमतेम विशीतला शिक्षक. त्याने काय करावं? त्याने विद्यार्थ्यांकडून कॅमेऱ्याशिवाय 'फिल्मविना फिल्म' बसवून घेतल्या, म्हणजे शॉटमागून शॉट असं बांधलेलं नाटक. आणि थोडीफार जी फिल्म हाताशी होती, त्यात जुन्या चित्रपटांचे तुकडे मिसळून नवीन अर्थ निघतो का ते पाहिलं.

एका प्रयोगात एक बाई आणि एक पुरुष मॉस्कोच्या वेगवेगळ्या भागांतून चालत येतात, भेटतात, समोर बघतात, आणि पुढच्या तुकड्यात दिसतं ते वॉशिंग्टनचं व्हाइट हाउस, एका अमेरिकी चित्रपटातून उचललेलं. प्रेक्षकाला वाटतं हे सगळं एकाच गावात आहे. जगाच्या नकाशावर नसलेली जागा कात्रीने तयार झाली. आज आपण ज्याला रिमिक्सचा वर्ग म्हणतो, तो हाच. हौसेतून नाही, टंचाईतून निघालेला.

दुसरा प्रयोग तुम्हाला नक्की माहीत असेल, कारण प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो असतो. इव्हान मोझुखिन या नटाचा तोच एक निर्विकार चेहरा, आणि त्याच्या शेजारी कधी सूपचं ताट, कधी शवपेटीतली बाई, कधी खेळणारी मुलगी. प्रेक्षक म्हणाले, काय सुंदर अभिनय! भुकेला, दुःखी, प्रेमळ. यालाच 'कुलेशोव्ह परिणाम' म्हणतात.

इथे जरा थांबू, कारण संशोधक म्हणून तुमचं काम इथे सुरू होतं. ही फिल्म आज कोणाकडे नाही. व्हाइट हाउसवाल्या प्रयोगाचा एक तुकडा 1990च्या दशकात सापडला, मोझुखिनचा नाही. सूप, शवपेटी, मुलगी हा जो क्रम आपण पाठ केलेला असतो, तो प्रामुख्याने कुलेशोव्हचा विद्यार्थी पुदोव्हकिन याने 1929 साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानातून आलेला आहे. म्हणजे घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, परक्या देशात, आपल्या सिनेमाची बाजू मांडताना सांगितलेली गोष्ट. खुद्द कुलेशोव्हच्या आठवणींतही तपशील दरवेळी तेच राहत नाहीत. 1992 साली प्रिन्स आणि हेन्सली या दोन अभ्यासकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला, तर बहुतेक प्रेक्षकांना चेहऱ्यावर काहीच भाव दिसला नाही. उलट 2006 साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या एका अभ्यासात, आजूबाजूच्या दृश्यामुळे चेहऱ्याचं वाचन बदलतं असं दिसलं. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये 'कुलेशोव्हने सिद्ध केले की' असं लिहू नका. 'पुदोव्हकिनच्या निवेदनानुसार' असं लिहा. एवढ्या एका बदलानेसुद्धा परीक्षक वर मान करून बघतात.

गंमत अशी की माध्यमसाक्षरतेची सगळ्यात प्रसिद्ध कथा हीच मुळात हातोहात फिरत आलेली, मूळ हरवलेली कथा आहे.

आता या वर्गातून शिकलेलं कौशल्य कुठे वापरलं गेलं ते बघा. परदेशी चित्रपट सोव्हिएत प्रेक्षकांसाठी 'योग्य' करून घ्यायचं काम सरकारी चित्रपट संस्थेत चालायचं. प्रसंग काढायचे, क्रम बदलायचा, पाट्या नव्या लिहायच्या. मूकपटच होते, त्यामुळे पाटी बदलली की श्रीमंत नायकाचा खलनायक करता यायचा. एस्फिर शुब ही संकलक 1922पासून हे काम करत होती. 1924मध्ये फ्रिट्झ लांगचा दोन भागांचा 'डॉ. माबुझ' कापून त्याचा एक चित्रपट केला गेला, तेव्हा तिच्या टेबलाशी एक तरुण रंगकर्मी शिकायला बसत होता. त्याचं नाव सर्गेई आयझेनस्टाइन. पुढच्याच वर्षी त्याने 'बॅटलशिप पोटेम्किन' केला.

मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट इथे आहे. संकलनाच्या टेबलाशी बसलेले सगळे जण माध्यमसाक्षर होते, आजच्या कुठल्याही कार्यशाळेत होईल त्याहून जास्त. काय काढलं, काय घातलं, का घातलं, हे त्यांना इंच-इंच माहीत होतं. आणि थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाला यातलं काहीही माहीत नव्हतं. साक्षरता टेबलाशी राहिली, बाहेर गेला तो फक्त माल. रिमिक्स करणाऱ्याची समज वाढते, हे खरंच. पण ती वाढलेली समज तो कोणासाठी वापरतो, हे कात्री ठरवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हेच उलट्या बाजूने झालं. ब्रिटनमध्ये चार्ल्स रिडली यांनी लेनी रिफेन्श्टालच्या 'ट्रायम्फ ऑफ द विल' या 1935च्या नाझी प्रचारपटातले तुकडे घेतले, सैनिकांची पावलं पुढेमागे केली, आणि त्यांना 'लॅम्बेथ वॉक' या लोकप्रिय गाण्यावर नाचायला लावलं. बघणारा पोट धरून हसतो. रिमिक्सचा आद्य नमुना म्हणून तो आजही वर्गात दाखवतात. दाखवायला हरकत नाही, पण तोही युद्धकाळातला प्रचारच होता एवढं सांगून दाखवा. आपल्याला पटणारा प्रचार ओळखणं जास्त अवघड असतं.

शुबकडे परत येऊ, कारण तिने पुढे जे केलं ते आपल्या कामाचं आहे. 1927 साली 'रोमानोव्ह घराण्याचा अंत' हा चित्रपट तिने एकही नाट्यप्रसंग न चित्रित करता, जवळजवळ पूर्णपणे जुन्या वृत्तपटांतून उभा केला. त्यात झारच्या दरबारी छायाचित्रकारांनी घेतलेली खासगी दृश्यंही होती. तळघरांत पडलेली हजारो मीटर फिल्म तिने डोळ्यांखालून घातली. जहाजाच्या डेकवर घामाघूम होईपर्यंत नाचणारे सरदार-दरकदार, आणि लगेच पुढे घाम गाळून राबणारे शेतमजूर. एका सांध्यात सगळं सांगून झालं. चित्रपट क्रांतीच्या बाजूचाच, त्यात लपवाछपवी नाही. पण शुब तुकडे लांब ठेवते. चेहरे, कपडे, मागची इमारत बघायला वेळ मिळतो, तुकड्याचं मूळपण पुसलं जात नाही.

त्याच सुमारास समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्स्की यांनी झिगा व्हेर्तोव्हच्या वृत्तचित्रणावर एक आक्षेप घेतला होता. व्हेर्तोव्हच्या चित्रात एक रेल्वे इंजिन आडवं पडलेलं दिसतं. श्क्लोव्स्कींचं म्हणणं साधारण असं, की मला त्या इंजिनाचा नंबर हवा आहे. कुठलं इंजिन, कुठे पडलं, कधी? हे कळत नसेल तर ते 'एक पडलेलं इंजिन' म्हणून कुठेही चिकटवता येतं, आणि मग तो दस्तऐवज राहत नाही. मला हा प्रश्न फार आवडतो. माध्यमसाक्षरतेच्या जाडजूड व्याख्या वाचून दमलात की हा एक प्रश्न टेबलावर लिहून ठेवा.

आता आपल्याकडे येऊ. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. तेव्हा देशभर व्हॉट्सअ‍ॅपवर मुलं पळवण्याच्या अफवा फिरत होत्या, आणि त्यांच्याबरोबर व्हिडिओही. त्यातल्या एका बहुचर्चित व्हिडिओत गल्लीत खेळणाऱ्या मुलांमधून मोटरसायकलवरचे दोघे एका मुलाला उचलून नेतात. तो कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेचा जाहिरातपट होता. मुळात पुढे ते दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि एक फलक दाखवतात: मूल पळवायला एवढाच वेळ लागतो, लक्ष ठेवा. कोणीतरी शेवट कापला. नवीन काही जोडलं नाही, आवाज बदलला नाही. एक काप, बस्स. कुलेशोव्हला दोन तुकडे तरी लागले होते.

त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाच जणांपर्यंतच फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. तो उपाय वेगाचा होता. वाचनाचा प्रश्न शिक्षणाकडेच राहतो.

वाचन शिकवायचे प्रयत्न जुने आहेत. 1937 साली न्यूयॉर्कमध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनालिसिस' स्थापन झाली, तिने प्रचाराच्या सात युक्त्यांची यादी शाळांसाठी काढली. यादी इतकी गाजली की आजही थोड्या फरकाने ती परीक्षेला येते. अमेरिका युद्धात उतरल्यावर, 1942च्या सुरुवातीला संस्थेचं काम थांबलं. यादी पाठ करणं सोपं, आणि कापलेल्या शेवटाचा वास यादीने येत नाही. म्हणून हातात कात्री द्यावी लागते, याबद्दल माझी शंका नाही. शंका आहे ती आपण मोजतो काय याबद्दल.

बहुतेक आराखड्यांत 'पूर्वचाचणी, कार्यशाळा, उत्तरचाचणी' असतं, आणि चाचणीत विचारलेलं असतं की संकलनाने अर्थ बदलतो हे तुम्हाला पटतं का. कार्यशाळेनंतर कोण नाही म्हणेल? त्याऐवजी वर्गाचे दोन गट करा. एकाने कापायचं, दुसऱ्याने मूळ न बघता फक्त तयार तुकडा वाचायचा, आणि मग जागा बदलायच्या. प्रत्येक सांध्यामागे कापणाऱ्याने एक चिठ्ठी लिहायची: तुकडा कुठून घेतला, मूळ तारीख काय, याच्या आधी आणि नंतर काय होतं, आणि ते मी का काढलं. वाचणाऱ्या गटाने मात्र प्रश्न लिहायचे: हे कुठलं, कधीचं, याच्या पुढे काय असेल. त्या प्रश्नांची संख्या नको, दर्जा बघा. 'हे खोटं आहे का' इथपासून 'याचा शेवट कुठे आहे' इथपर्यंत मूल सरकलं का? माझ्या मते तुमची विदा ती.

कायद्याची भीती बऱ्याच जणांना असते, म्हणून तेवढं सांगतो. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या पुनरुत्पादनाला सवलत देतं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपी दुकानाच्या खटल्यात 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचा बराच उदार अर्थ लावला. तो खटला पुस्तकांच्या पानांचा होता, व्हिडिओचा नव्हे, आणि वर्गात केलेलं काम इंटरनेटवर चढवणं ही वेगळी गोष्ट आहे. कार्यशाळेतल्या फिती वर्गातच ठेवा, प्रबंधाला चिठ्ठ्या जोडा.

आणि कराचीचा तो व्हिडिओ वापरणार असाल तर आधी कापलेला दाखवा, चिठ्ठ्या लिहून घ्या, मग पूर्ण दाखवा. दुसऱ्या वेळी फलक आल्यावर वर्ग एकदम शांत होईल, त्या वेळी तुम्ही काही बोलू नका. पुन्हा एक कोरी चिठ्ठी वाटा.