पोकळ बैलाच्या आतला कॅमेरा

समजा, तुमच्या हाती एक जुना फोटो आलाय. इंग्लंडमधल्या एका माळावर बैल उभा आहे. नीट पाहिलं की कळतं, हा जिवंत नाही. नुसतं कातडं आहे. आत एक माणूस आणि त्याचा कॅमेरा लपलाय. या फोटोवरून तुम्ही काय सिद्ध कराल?

हा बैल कीर्टन बंधूंचा, १९०० च्या सुमाराचा. रिचर्ड आणि चेरी हे यॉर्कशरमधल्या थ्वेट गावचे भाऊ. १८९२ मध्ये चेरीने थ्रश पक्ष्याचं घरटं अंड्यांसकट टिपलं आणि १८९५ मध्ये दोघांचं पक्ष्यांच्या घरट्यांवरचं सचित्र पुस्तक आलं. तेव्हाचे कॅमेरे मोठे, काचेच्या प्लेटा जड, आणि दूरवरून पाखरू टिपणं जवळपास अशक्य. म्हणजे जवळ जाणं भाग होतं. म्हणून मग खोटं झाडाचं खोड, खोटा खडक, खोटी मेंढी आणि हा बैल.

माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात मी झोकात लिहिलं होतं, ‘वेशांतर जितकं हुबेहूब, तितकं छायाचित्र उत्तम.’ मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच लिहिलं: ‘हे पक्ष्याला कुणी विचारलं?’

प्रश्न झोंबला, पण बरोबर होता. पुढे लपणीतून फोटो काढणाऱ्यांनी अनुभवातून काय शिकलं ते बघा. साधा तंबूही चालतो. फक्त तो रोज थोडा थोडा पुढे सरकवायचा, पाखराला सवय होऊ द्यायची. तंबूत दोघांनी जायचं आणि एकाने उघडपणे निघून जायचं. पुष्कळ पक्ष्यांना वाटतं, माणूस गेला. मोजदाद ते ठेवत नाहीत. म्हणजे आकारापेक्षा हालचाल, आवाज आणि सवय महत्त्वाची. बैलाचा फोटो पक्ष्याची नजर दाखवत नाही. पक्षी काय पाहत असेल याबद्दलचा कीर्टन बंधूंचा अंदाज दाखवतो. शिवाय रिचर्ड लोकप्रिय व्याख्याता होता, आणि असा बैल पडद्यावर दिसला की सभा खूश होणारच. हेही विसरू नका.

आता खरी अडचण. विणीच्या काळात आई-बाप घाबरून घरट्यापासून लांब राहिले, तर अंडी गार पडतात, पिल्लं उपाशी राहतात. पण पुस्तकात छापला जातो तो पाखरू परत आलेला फोटो. जिथे ते परतलंच नाही, तिथे बहुधा फोटोच नसतो. तुमच्या साधनांमध्ये यशाचीच गर्दी असेल, तर अपयश कुठे गेलं, हे विचारायलाच हवं. आज आपल्याकडे अनेक पक्षीनिरीक्षक घरट्यांचे फोटो काढूच नका म्हणतात, ते याच कारणाने. त्या भावांना आजच्या नियमांनी झोडपायचं नाही, पण त्या गार पडलेल्या अंड्यांना हिशेबातून वगळायचंही नाही.

‘आता माणूसच नसतो, मग प्रश्न मिटला,’ असं वाटेल. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी उत्तर भारतातल्या जंगलात तार लावून वाघाकडूनच शटर दाबून घेतलं. त्यांचं पुस्तक १९२७ चं. आपल्या ताडोबा-मेळघाटातही आज व्याघ्रगणनेसाठी कॅमेरा ट्रॅप लागतात. २०१८ च्या देशव्यापी गणनेत ते २६,८३८ ठिकाणी होते आणि जवळपास साडेतीन कोटी फोटो मिळाले. पण प्राण्यांना हे यंत्र ऐकू येतं, त्याचा अवरक्त प्रकाशही काहींना दिसतो, असं संशोधनात आढळलंय. लपण्याची जागा बदलली, समासातला प्रश्न तोच राहिला.

तेव्हा पुढचं साधन हातात घ्याल, तेव्हा वहीत दोन ओळी लिहा: हे टिपणारा कुठे उभा होता? आणि त्याच्या तिथे असण्याने काय बदललं? पद्धतीचं प्रकरण इथूनच सुरू होतं.