रुपया एक, बाजार दोन

दोन मुलखांतील लोकांच्या राहणीमानाची तुलना करावयाची, तर दोन्हीकडील भावांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले म्हणजे झाले, असा सर्वसाधारण समज असतो. तो किती अपुरा आहे, याचा दाखला शोधण्यासाठी मराठी माणसाला दूरदेशी जावे लागत नाही. गोव्याच्या इतिहासातच तो सापडतो.

26 डिसेंबर 1878 रोजी इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमध्ये एक तह झाला आणि 1880 पासून 12 वर्षे तो अमलात राहिला. त्यामुळे सरहद्दीवरील जकात बहुतांशी उठली, गोव्याचा रुपिया हिंदी रुपयाच्या तोलाचा होऊन कलकत्त्याच्या टांकसाळीत पडू लागला आणि मुरगाव बंदराला लोहमार्ग मिळाला. कागदावर दोन बाजारांचा एक बाजार झाला. परंतु याच तहाने गोव्याची मिठागरे इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेली. मोबदल्यादाखल पोर्तुगीज तिजोरीत दरसाल 4 लाख रुपये पडत. मिठागरावर राबणाऱ्याच्या वाट्याला मात्र महागलेले मीठ आणि आक्रसलेला धंदा आला. सरकारचा जमाखर्च जुळला, घरचा विसकटला.

पुढे 1950 नंतरच्या दशकात याची उलट बाजू दिसली. 1955 च्या सत्याग्रहानंतर भारताने सीमा बंद केली. तेव्हा सुमारे 6 लाख वस्तीच्या या चिमुकल्या मुलखात हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा आणि पोर्तुगालची मद्ये जहाजांनी येऊ लागली. परदेशी घड्याळे तेथे इतकी सुलभ होती, की ती चोरवाटांनी सीमेपलीकडे येत. 1958 साली रुपियाच्या जागी एस्कुदो आला, तो एका रुपियास 6 या दराने. घड्याळाच्या भावावरून पाहणाऱ्यास गोवा सुखी वाटावा. पण घड्याळ रोज लागत नाही; तांदूळ लागतो, आणि तो गोव्यात गरजेपुरता पिकत नव्हता. लोहखनिज जपानला जात होते, त्याचा पैसा खाणमालकांकडे साठत होता. सामान्यांची अनेक घरे मुंबईत चाकरीस गेलेल्या माणसाच्या कमाईवर तगून होती.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि हा दुहेरी हिशेब संपला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, 1968 मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघ व पेनसिल्व्हानिया विद्यापीठ यांनी देशोदेशींच्या किमतींच्या तुलनेचा प्रकल्प हाती घेतला. 1970 सालासाठी तपासलेल्या 10 देशांत भारताबरोबर केनिया व कोलंबियाही होते. चलनाच्या विनिमयदरावर विसंबू नये, लोक प्रत्यक्षात जे विकत घेतात त्याच्या किमती पाहाव्यात, हे त्या प्रकल्पाचे सूत्र. गोव्याचा अनुभव त्यात एवढीच भर घालतो, की किमतीबरोबर ती देणाऱ्याची मिळकतही विचारली पाहिजे. वस्तू स्वस्त की महाग, हे दुकानाच्या पाटीवरून ठरत नाही; ते गिऱ्हाइकाच्या कनवटीवरून ठरते.