पुण्याचं आकाश आणि कॅप्टन जेकब

ऑगस्टमध्ये पुण्यात रात्री गच्चीवर गेलं तर नुसते ढग. अशा वेळी मला हटकून कॅप्टन विल्यम जेकब आठवतो.

हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला इंजिनियर. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा थाटली. नाद जोडतारे मोजायचा. १८४५ ते १८४८ या काळात इथून बघितलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी त्याने केली. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला आणि १८५५ मध्ये त्याने जाहीर केलं, की भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याची कक्षा हिशेबात बसत नाही. बहुधा न दिसणारा एखादा ग्रह ताऱ्याला ओढत असावा. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, मोजमापांवर आधारलेला हा अगदी सुरुवातीचा दावा!

युक्ती बरोबर होती. ग्रह झगमगाटात दिसत नाही, पण ताऱ्याला किंचित हलवतो. ते हलणं मोजायचं. पण ते अतिसूक्ष्म, आणि आपल्या हवेमुळे ताऱ्याची प्रतिमा सतत थरथरते. नेमकी मोजमापं हवी असतील तर उंचावर, विरळ हवेत जायला हवं. जेकबने पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा उभारायचं मनात धरलं. १८६२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने हजार पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्याने पदरच्या पैशाने घेतली. तीन वर्षं काम करायचं ठरलं. ८ ऑगस्टला तो मुंबईत उतरला आणि १६ ऑगस्टला, पुण्यात पोचतो न पोचतो तोच, वारला. वय ४८.

तो ग्रहही टिकला नाही. १८९० च्या दशकात सी नावाच्या अमेरिकन खगोलज्ञाने त्याच ताऱ्याबद्दल पुन्हा तसाच दावा केला. १८९९ मध्ये मोल्टनने तो गणिताने खोडून काढला.

जागेचा प्रश्न मात्र आजही तोच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० अँटेना उभ्या आहेत, कारण तिथे रेडिओ गोंगाट कमी. २००९ मध्ये त्यांनी एचएटी-पी-११ या ताऱ्याकडून एक क्षीण संदेश टिपला. ग्रह ताऱ्यामागे गेला तेव्हा तो नाहीसा झाला, म्हणजे ग्रहाचाच असावा असं वाटलं. २०१० मध्ये पुन्हा वेध घेतले, तर काहीच सापडलं नाही.

म्हणजे तेही अनिर्णितच. पण निदान पुन्हा बघता तरी आलं. जेकब आला तेव्हा पुण्यावर पावसाळी ढग होते, आणि ते सरेपर्यंत तो थांबू शकला नाही.