‘वनमृत्यू’ आणि मातीतील कवके

१९८१ च्या नोव्हेंबर महिन्यात ‘डेर श्पीगेल’ या पश्चिम जर्मन साप्ताहिकाने अरण्ये मरत असल्याची वार्ता मुखपृष्ठावर दिली. त्यानंतर लोकांची दृष्टी वृक्षांच्या शेंड्यांवर खिळून राहिली. १९८४ पासून तर विरळ होत चाललेल्या पर्णसंभाराची पाहणी दरवर्षी होऊ लागली. या वादाचा खरा पुरावा मात्र जमिनीखाली होता.

गटिंगेनचे मृदाशास्त्रज्ञ बेर्नहार्ड उल्रिश यांनी १९६० नंतरच्या दशकात झोलिंगच्या डोंगराळ प्रदेशातील बीच व स्प्रूस वृक्षांच्या वनांत, पानांवरून गळणारे आणि मातीतून झिरपणारे पावसाचे पाणी वर्षानुवर्षे तपासण्यास आरंभ केला. धुरातील गंधकापासून बनलेले आम्ल मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन नेते; ही पुंजी सरली, की एरवी मातीत बद्ध असलेले ॲल्युमिनियम विरघळून कोवळ्या मुळांना बाधते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा आम्ल मातीत खोल बिळे करणारी गांडुळेही तग धरीत नाहीत, आणि पालापाचोळा मातीत न मिसळता वरच्यावर साचत राहतो. उल्रिश यांना भय वाटत होते तसा सार्वत्रिक वननाश घडला नाही, हे खरे. परंतु भाकीत फसले म्हणून मोजमापही खोटे, हा पुढे अनेकांनी काढलेला निष्कर्ष समर्थनीय नाही. माती आम्ल झाली होतीच.

दुसरा पुरावा नेदरलँड्समध्ये, आणि तोही अनपेक्षित ठिकाणी सापडला. भूछत्रांच्या शोधार्थ निघणाऱ्या अभ्यासकांनी व हौशी मंडळींनी अनेक दशके ठेवलेल्या नोंदी एफ आर्नोल्ड्स यांनी ताडून पाहिल्या. वृक्षांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांची भूछत्रे झपाट्याने विरळ झाली होती. लाकूड कुजविणाऱ्या कवकांची तशी स्थिती नव्हती. खाण्यासाठी केलेली वेचणी हे कारण म्हणावे, तर अखाद्य जातीही घटल्या होत्या.

या सहजीवनास ‘मायकोरायझा’ हे नाव आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये दिले. प्रशियात ट्रफल या भूमिगत कवकाची लागवड करता येईल काय, याचा शोध घेण्याचे काम त्यांच्याकडे होते. ती लागवड साधली नाही, पण मुळांभोवतीचे कवकांचे आवरण त्यांच्या दृष्टीस पडले. वृक्ष कवकास शर्करा देतो व त्याच्याकडून नत्र आणि स्फुरद घेतो. गोठ्यांतील व शेणखतातील अमोनियामुळे आणि वाहनांच्या धुरामुळे नत्र हवेतूनच पडू लागले, की वृक्षाला या देवघेवीची गरज उरत नाही, आणि कवकाची शर्करा आटते. खत म्हणून ज्याचे स्वागत व्हावे, तेच येथे घातक ठरले.

१९७९ चा जिनीव्हा करार व १९८३ चा मोठ्या भट्ट्यांविषयीचा पश्चिम जर्मन नियम यांनंतर गंधकाचे उत्सर्जन पुष्कळच उतरले. नत्र त्या मानाने फारच कमी घटले. २० युरोपीय देशांतील १३७ वनक्षेत्रांच्या मुळांवरील कवकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नत्राच्या ज्या मर्यादा वनांसाठी सुरक्षित मानल्या जात होत्या, त्यांच्या आतच ही कवके बदलू लागतात, असे त्यात आढळून आले.