आलांसोंचा घड्याळजी

क्रूस आणि गुलाबपुष्पे हृदयाशी धरलेली लिज्यूची संत तेरेजा आपल्या भाविकांना चांगली परिचयाची आहे. कित्येक चर्चमध्ये तिची मूर्ती आहे, कित्येक घरांत तिची तसबीर आहे. लेकीच्या या कीर्तीच्या तेजात तिचा पिता मात्र बराच काळ झाकोळून गेला. लुई मार्टिन हे ना मठवासी होते, ना धर्मगुरू. फ्रान्समधील आलांसों या गावी ते घड्याळांचे दुकान चालवीत. आमच्यासारख्या प्रापंचिकांना संतपण कसे झेपावे, असा प्रश्न धर्मग्रामातील माणसे मला अनेकदा विचारतात. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून या घड्याळजीची कथा सांगावीशी वाटते.

लुई यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी बोर्दो येथे झाला. वडील नेपोलियनच्या युद्धांत लढलेले सैनिक. त्यामुळे बदलीच्या गावी बिऱ्हाड, असे त्यांचे बालपण गेले. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब नॉर्मंडी प्रांतातील आलांसों येथे स्थिरावले. लुई यांनी घड्याळजीचा व्यवसाय निवडला. रेन व स्त्रासबूर या शहरांत त्यांनी काम शिकून घेतले. भिंगातून पाहत केसासारखी स्प्रिंग आणि मोहरीएवढे दातेरी चाक जागच्या जागी बसवायचे, हे काम शांत वृत्तीच्या माणसाचे. लुईंचा स्वभाव तसाच होता.

ओढ मात्र वेगळीच होती. १८४५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते आल्प्स पर्वतातील ग्रेट सेंट बर्नार्ड मठाच्या दारी गेले आणि प्रवेशाची विनंती केली. हिमवादळात सापडलेल्या वाटसरूंना वाचविणारे हे व्रतस्थांचे घर. लॅटिन येत नाही म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. लुई घरी आले, त्यांनी पुस्तके विकत घेतली, शिकवणी लावली. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. पुढे काही काळ पॅरिसमध्ये काम करून १८५० साली त्यांनी आलांसोंमध्ये स्वतःचे दुकान थाटले. घड्याळांच्या जोडीला कालांतराने दागिन्यांचा व्यापारही आला.

याच गावात झेली गेरां ही तरुणी राहत होती. तिनेही व्रतस्थ जीवनाची इच्छा धरली होती आणि तिलाही नकार मिळाला होता. ती लेस विणण्याची कला शिकली व १८५३च्या सुमारास तिने स्वतःचा धंदा सुरू केला. आलांसोंची लेस सुईने विणतात. चौदाव्या लुई राजाच्या काळापासून ती प्रसिद्ध आहे. २०१० साली युनेस्कोनेही तिला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. ही लेस लहान लहान तुकड्यांत विणली जाई. गावातील स्त्रिया घरी बसून तुकडे तयार करीत आणि सांधा दिसणार नाही अशा टाक्यांनी ते जोडण्याचे अतिकौशल्याचे काम झेली स्वतः करी. १३ जुलै १८५८ रोजी मध्यरात्री, त्या काळच्या प्रथेप्रमाणे, नोत्र दाम चर्चमध्ये या दोघांचा विवाह झाला.

लुईंच्या दुकानाची एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. रविवारी दुकान बंद! आसपासच्या खेड्यांतील लोक रविवारीच गावात येत आणि लग्नाचे दागिने त्याच दिवशी खरेदी करीत. शेजारची दुकाने उघडी असत. ‘पुढचे दार बंद ठेवा, पण बाजूचे उघडे असू द्या,’ असा सल्ला हितचिंतकांनी दिला. लुईंनी तो मानला नाही. त्यांचा व्यापार बुडाला नाही हे खरे, पण दर आठवड्याला गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाताना त्यांनी पाहिले, हेही तितकेच खरे. चौथ्या आज्ञेचा मान राखताना कोणी आईवडिलांकडे पाहतो. लुईंनी प्रभूच्या दिवसाचा मान राखताना आपल्या गल्ल्याकडे पाहिले नाही.

झेलीच्या धंद्याला बरकत आली. मागण्या वाढल्या. तेव्हा १८७० साली लुईंनी घड्याळांचे दुकान भाच्याला विकले आणि पत्नीच्या व्यवसायाचे हिशेब व प्रवास आपल्याकडे घेतले. पतीने आपले दुकान सोडून पत्नीच्या धंद्यात हातभार लावावा, ही गोष्ट आजही आपल्याकडे किती घरांत सहज घडेल?

या घराने दुःखही पुष्कळ पाहिले. नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी चौघे १८६७ ते १८७० या अल्प काळात गेली: दोन लहानगे जोसेफ, पाच वर्षांची एलेन आणि तान्ही मेलानी. १८७१च्या आरंभी प्रशियन सैन्य गावात शिरले आणि नऊ शिपाई मार्टिन कुटुंबाच्या घरी ठाण मांडून बसले. २ जानेवारी १८७३ रोजी शेवटची मुलगी, तेरेजा, जन्मली. तीही इतकी अशक्त होती की, सुमारे वर्षभर तिला खेड्यातील एका दाईकडे ठेवावे लागले. त्यानंतर झेलीचा स्तनाचा कर्करोग बळावला. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तिने देह ठेवला. पदरी पाच मुली. मुलींना मामा-मामीचा आधार लाभावा म्हणून लुईंनी आपले गाव, आपली मित्रमंडळी सोडली आणि ते लिज्यूला राहावयास गेले.

तेथे एकेक मुलगी कार्मेल मठात गेली. १८८२ साली पोलीन, १८८६ साली मारी, १८८८ साली पंधरा वर्षांची तेरेजा. ज्या पित्याला मठाच्या दारातून परतावे लागले होते, त्याने आपल्या लेकींना स्वतः मठाच्या दारी नेले.

आणि मग अखेरची परीक्षा आली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने लुईंची स्मृती ढासळू लागली. एकदा ते कोणाला न सांगता घरातून निघून गेले व काही दिवसांनी ल हाव्र येथे सापडले. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना काँ शहरातील मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे ते तीन वर्षे राहिले. मुली मठात गेल्या म्हणूनच बापाचे डोके फिरले, अशी कुजबुज गावात झाली. ती मठाच्या जाळीआडही पोहोचली. तेरेजाने पित्याचे दुःख लपविले नाही. ख्रिस्ताच्या विटंबना झालेल्या पवित्र मुखात तिला आपल्या पित्याचे मुख दिसले. २९ जुलै १८९४ रोजी लुईंनी अखेरचा श्वास घेतला.

तेरेजाला १९२५ साली संतपद मिळाले. आईवडिलांना त्यासाठी आणखी नव्वद वर्षे थांबावे लागले. २००८ साली लिज्यू येथे ती दोघे धन्यवादित घोषित झाली आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केले. एकत्रितपणे संतपद लाभलेले हे पहिलेच दांपत्य.

आपल्या धर्मग्रामांतही अशी घरे आहेत, जेथे वृद्ध पिता स्वतःचे नावही विसरला आहे आणि शेजाऱ्यांच्या बोलण्याच्या भीतीने दार लोटलेले असते. माझ्या बंधुभगिनींनो, ते दार उघडा. ज्या माणसाची बुद्धी तीन वर्षे मनोरुग्णालयाच्या भिंतींआड विझत गेली, त्याचे नाव आज ख्रिस्तसभा वेदीवरून घेते. त्या दुखण्याची लाज बाळगण्याचे कारण तुम्हांआम्हांला उरलेले नाही.