वऱ्हाडातील मालट्रक, इंजिनातील तेलाची वाफ आणि हमीचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कापूस, सावकारी व रेल्वे यांभोवती झालेले आहे. माल वाहणाऱ्या यंत्रावर त्याच्या मालकाचा अधिकार किती, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. हमीच्या मुदतीत ट्रकच्या इंजिनाला ऑइल कॅच कॅन, म्हणजे तेल अडविणारा डबा, बसविल्यास हमी टिकते काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु अमरावती-अकोला पट्ट्यात एका ट्रकवर कुटुंब चालविणाऱ्या चालक-मालकासाठी तो उपजीविकेचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासली आहे.

बंडीपासून ट्रकपर्यंत :
१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धामुळे येथील कापसाला मोठी मागणी आली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला व बडनेरामार्गे नागपूरला पोहोचली. तथापि शेतापासून जिनिंगपर्यंतची वाहतूक बंडीकडेच राहिली. बंडीचा मोडलेला आरा गावचा सुतार बदलून देई. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसे.

स्वातंत्र्योत्तर काळात ट्रकचा प्रसार झाला. टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रकचे उत्पादन सुरू केले. हे सहकार्य १९६९ मध्ये संपले. त्या काळातील यांत्रिक इंजिने रस्त्याकडेचा मिस्त्री खोलू व जोडू शकत असे. म्हणजे ट्रक आला तरी दुरुस्तीची परंपरा बंडीचीच राहिली.

ब्रीदर पाइपचा इतिहास :
इंजिनात जळालेल्या वायूचा काही अंश पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. मिस्त्री यास 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. रिंगा झिजल्या की त्याचे प्रमाण वाढते. उन्हाळ्यातील धूळ व निकृष्ट एअर फिल्टर ही झीज वाढवितात. या वायूसोबत तेलाचे सूक्ष्म कण असतात. जुन्या इंजिनांत ते ब्रीदर पाइपवाटे थेट रस्त्यावर सोडले जात. इंजिन स्वच्छ राही, हवा मात्र दूषित होई.

कॅलिफोर्नियात १९६१ च्या नव्या मोटारींपासून हा वायू पुन्हा इंजिनात नेण्याची व्यवस्था आली. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि क्रँककेसमधील वायूही उत्सर्जनाच्या हिशेबात कठोरपणे धरला जाऊ लागला. बंद व्यवस्थेत तेलाची वाफ टर्बोचार्जर व इंटरकूलरकडे जाते. तेथे तेलाचा थर साचू नये म्हणून काही मालक मध्ये डबा बसवितात. डब्यातील जाळीवर तेल थांबते व वायू पुढे जातो. मात्र डबा वेळेवर रिकामा केला नाही किंवा नळी तुंबली तर क्रँककेसमधील दाब वाढून सील गळू लागतात. उपाय हाच अपायाचे कारण ठरू शकतो आणि वादाचा उगम येथेच होतो.

कायदा आणि हमी :
मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घातल्या. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये अनधिकृत फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. त्यामुळे वायू पुन्हा इंजिनात नेणारा डबा आणि तो बाहेर सोडणारा डबा यांत भेद करणे आवश्यक ठरते. दुसऱ्या प्रकारात मालक उत्सर्जन-व्यवस्थाच मोडतो.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या निर्णयात असे नमूद केले की, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने संपूर्ण हमी रद्द करू नये. सदोष कामामुळे झालेल्या नुकसानीपुरतीच ती नाकारता यावी. हे प्रकरण मोटारगाड्यांच्या सुट्या भागांचे व दुरुस्तीचे होते. ट्रकमधील नव्या जोडणीला ते थेट लागू होत नाही. परंतु कारण आणि परिणाम यांचा संबंध दाखविण्याचे तत्त्व त्यातून पुढे येते.

दाद कोण मागू शकतो, हाही प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात स्वयंरोजगाराने उपजीविका करणारा खरेदीदार 'ग्राहक' ठरतो, हे स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही हा अपवाद कायम आहे. म्हणून स्वतः ट्रक चालविणाऱ्याला ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते. नफ्यासाठी ट्रकांचा ताफा चालविणाऱ्यास हा आधार सहसा मिळत नाही.

निष्कर्ष :
जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन गिनीज विक्रम नोंदला गेला. रस्ता असा सुधारला. त्यावरील यंत्र मात्र मालकाच्या हातून दूर गेले. पूर्वी तेलाच्या वाफेचा भार समाजाने हवेतून सोसला. कायद्याने तो योग्यच थांबविला. परंतु बंद व्यवस्थेच्या देखभालीचा भार आता प्रामुख्याने चालक-मालकावर आहे. हमीच्या काळात डबा बसविण्यापूर्वी कंपनीची लेखी संमती घेणे, तसेच बॅक कॉम्प्रेशनची तपासणी करून तिची नोंद ठेवणे त्याच्या हिताचे ठरते. हमीपत्रातील अटी चालकाला समजेल अशा मराठीत उपलब्ध होणे, ही या संदर्भातील प्राथमिक गरज होय.