हमी संपल्यानंतरचा मायक्रोवेव्ह

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाला एका समितीने अहवाल सादर केला. त्याचा विषय होता दुरुस्तीयोग्यता निर्देशांक. एखादे उपकरण किती सहज उघडता येते, त्याचे सुटे भाग वाजवी वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती कंपनी देते का, अशा कसोट्यांवर उपकरणाला गुण द्यावेत आणि ते खरेदीच्या वेळीच ग्राहकाला दिसावेत, ही त्यामागची कल्पना. पहिला भर मोबाइल आणि टॅब्लेटवर आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनकडे अद्याप कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. पण ज्या प्रश्नातून हा निर्देशांक जन्मला, तो या ओव्हनमध्ये फार स्पष्ट दिसतो. वर्षाची हमी संपत आली की मुदतवाढ योजनेचा संदेश येतो. तो नाकारावा तर पुढच्या बिघाडाची धास्ती, आणि स्वीकारावा तर आपण नेमके काय विकत घेतले याची शंका. या पेचाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात भारतात होते.

१८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी तारेविना दूरवरची घंटा वाजवून दाखवली. त्यांनी प्रयोगांत वापरलेल्या लहरींची लांबी थेट ५ मिलिमीटरपर्यंत खाली येत होती. आजच्या घरगुती ओव्हनमधील लहरींची लांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर असते. दोन्ही सूक्ष्मलहरींच्याच कुळातल्या. प्रेसिडेन्सी कॉलेजात बोस यांच्याकडे सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. त्यांची उपकरणे एका स्थानिक पत्राकाम करणाऱ्या कारागिराच्या मदतीने तयार झाली. ज्याने घडवले त्यालाच ते उघडता, जुळवता आणि सुधारता येत होते. १८९७ मध्ये बोस यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान दिले, तेव्हा या संशोधकाने आपल्या उपकरणाच्या रचनेबाबत काहीच गुप्तता कशी पाळली नाही, याचे तिथल्या एका अभियांत्रिकी नियतकालिकाला आश्चर्य वाटले होते. पुढे १९०४ मध्ये बोस यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले, पण तेही प्रामुख्याने स्नेह्यांच्या आग्रहामुळे.

ओव्हनच्या पोटातला मुख्य भाग मात्र अगदी उलट वातावरणात जन्मला. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी पोकळी असलेला मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. रडारसाठी लागणाऱ्या शक्तिमान सूक्ष्मलहरी त्यातून मिळू लागल्या आणि ही नळी युद्धकाळातील अत्यंत गुप्त वस्तू ठरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टिझार्ड मंडळाने तिचा एक नमुना अमेरिकेला नेला. बेल प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी त्याची क्ष-किरण प्रतिमा घेतली, तेव्हा ते बुचकळ्यात पडले. सोबतच्या आराखड्यात सहा पोकळ्या होत्या आणि हाती आलेल्या नळीत आठ. अखेर इंग्लंडकडे विचारणा केल्यावर उलगडा झाला की, रचना मध्येच बदलली होती आणि आराखडा जुनाच राहिला होता. जगातल्या श्रेष्ठ प्रयोगशाळेची अचूक आराखड्याविना अशी अडचण झाली, तर बाजारपेठेतल्या दुरुस्ती करणाऱ्याची काय कथा!

युद्धानंतर ही नळी स्वयंपाकघराकडे वळली. रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातले चॉकलेट चालू मॅग्नेट्रॉनजवळ वितळले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. स्पेन्सर यांचे औपचारिक शिक्षण शाळेतच थांबले होते. यंत्रे उघडून, जोडून ते शिकले होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ चा पहिला ‘रडारेंज’ माणसाच्या उंचीचा आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. ओट्यावर मावणारा आणि घरगुती ग्राहकाला परवडू लागलेला ओव्हन यायला १९६७ साल उजाडले. त्याची किंमत होती ४९५ डॉलर.

यंत्र घरात आले तसा त्याच्या आयुष्याचा प्रश्नही घरात आला. अमेरिकेने १९७१ मध्ये लहरींच्या गळतीवर मर्यादा घातली. ओव्हन विकण्यापूर्वी पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरमागे १ मिलिवॉटपेक्षा जास्त गळती नको आणि त्यानंतर तो वापरात असेपर्यंत ५ मिलिवॉटपेक्षा जास्त नको. या नियमातली एक बाब सहसा नजरेआड होते. सुरक्षेचा कायदा यंत्राचे संपूर्ण आयुष्य मोजतो. हमीपत्र फक्त महिने मोजते. दार सैल झाले, बिजागरी झिजली, तर धोका हमीची तारीख पाहून येत नाही. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मॅग्नसन-मॉस कायद्याने आणखी एक रेघ ओढली. वस्तूच्या किमतीतच मिळणारी लेखी हमी वेगळी आणि जादा पैसे घेऊन विकलेला सेवाकरार वेगळा. भारतात आज ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ किंवा ‘एएमसी’ या नावाने जे विकले जाते ते या दुसऱ्या प्रकारातले. ते हमीचे शेपूट नसून स्वतंत्र विकत घेतलेली सेवा आहे.

तिचे मोल ठरवायला भौतिकशास्त्राजवळचे एक शास्त्र मदतीला येते. दुसऱ्या महायुद्धात लष्करी उपकरणांतील निर्वात नळ्या इतक्या वेळा निकामी होत की, बिघाडाचाच अभ्यास करणे भाग पडले. १९५१ मध्ये वालोडी वायबुल या स्वीडिश अभियंत्याने बिघाडांच्या वितरणाचे एक उपयुक्त समीकरण मांडले. १९५७ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या अभ्यासगटाने विश्वासार्हतेच्या चाचण्यांची चौकट दिली. या शास्त्रातली सर्वांत परिचित आकृती न्हाणीच्या टबासारखी दिसते. सुरुवातीला कारखान्यातील दोषांमुळे बिघाडाचा दर जास्त असतो, मग तो उतरून दीर्घकाळ सपाट राहतो आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा चढतो. प्रत्येक यंत्र या आकृतीबरहुकूम वागते असे नाही, पण विचाराला ती उपयोगी पडते. कंपनीची मूळ हमी टबाचा पहिला उतार झाकते. मुदतवाढ योजना बहुधा दुसऱ्या ते चौथ्या वर्षांची असते, म्हणजे नेमक्या सपाट तळाची. चढ सुरू होतो तेव्हा योजना सहसा संपलेली असते.

उदाहरणादाखल सोपा हिशोब करता येईल. समजा, वर्षाची योजना १,००० रुपयांची आहे आणि बिघाड झाल्यास सरासरी दुरुस्ती ३,००० रुपयांची. त्या वर्षात बिघडण्याची शक्यता एक तृतीयांशाहून अधिक असेल, तरच योजना हिशोबाने फायद्याची ठरते. ती शक्यता किती, हे ग्राहकाला माहीत नसते. लाखो ओव्हन विकणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला मात्र ती नेमकी ठाऊक असते. विक्रेत्याला अधिक आणि ग्राहकाला कमी माहिती असली की बाजार कसा वाकतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले होते. धास्तीपोटी विकत घेतलेल्या योजनेत ग्राहक काही अंशी आपल्या अज्ञानाचीच किंमत मोजत असतो.

मॅग्नेट्रॉनच्या हमीत हे स्पष्ट दिसते. बऱ्याच कंपन्या सर्व भागांवर एक वर्ष आणि मॅग्नेट्रॉनवर अनेक वर्षांची हमी देतात. जाहिरातीत ती मोठ्या अक्षरांत असते. जुन्या टीव्हीची काचेची नळी गेल्यानंतर मॅग्नेट्रॉन ही बहुतेक भारतीय घरांतली अखेरची निर्वात नळी उरली आहे. तिच्यातला थोरियमयुक्त टंगस्टनचा तंतू तापून इलेक्ट्रॉन सोडतो आणि वर्षानुवर्षे हळूहळू क्षीण होतो. अशा नळीचे आयुष्य ढोबळमानाने २,००० तास धरले आणि ओव्हन रोज अर्धा तास चालला, तर हिशोब अकरा वर्षांच्या आसपास जातो. म्हणजे दीर्घ हमी अशा भागाला मिळते, जो त्या मुदतीत सहसा जात नाही. फ्यूज, दाराचे स्विच, बटणांचे पातळ पटल, थाळी फिरवणारी मोटर, लहरींच्या वाटेवरचा अभ्रकाचा तुकडा हे किरकोळ भाग मात्र वर्षभरानंतर उघड्यावर पडतात. व्होल्टेजच्या चढउताराने, उंदीर-झुरळांनी झालेले नुकसान आणि फुटलेली काचेची थाळी योजनेच्या बारीक अक्षरांत बऱ्याचदा वगळलेली असते. भारतातल्या स्वयंपाकघरात नेमके हेच घडण्याचा संभव जास्त.

यावर कंपन्यांचे एक उत्तर असते आणि ते खरे आहे. हे यंत्र धोकादायक आहे. पारंपरिक रचनेत रोहित्र आणि कपॅसिटर मिळून मॅग्नेट्रॉनला सुमारे ४,००० व्होल्ट पुरवतात. साधारण १ मायक्रोफॅरडचा हा कपॅसिटर २,८०० व्होल्टपर्यंत भारित होतो, म्हणजे सुमारे ४ ज्यूल ऊर्जा त्यात साठते. प्लग काढल्यावर १० मेगाओहमच्या रोधातून हा भार ओसरतो. काळाचा स्थिरांक १० सेकंद, म्हणून ४० सेकंदांत व्होल्टेज ५० च्या आसपास येते. पण तो रोधच तुटलेला असेल, तर बंद ओव्हनमध्येही प्राणघातक भार टिकून राहतो. दाराचे स्विचही साधे नसतात. दार उघडे असताना सुरक्षा स्विच बंद पडले नाहीत, तर त्यांच्यावर नजर ठेवणारा आणखी एक स्विच मुद्दाम फ्यूज उडवतो. अननुभवी हाताने नुसता फ्यूज बदलला, तर यंत्राने दिलेला इशाराच पुसला जातो. म्हणून हा ओव्हन घरी उघडून पाहण्याचे यंत्र नव्हे.

या सत्यातून निष्कर्ष मात्र दोन निघू शकतात. एक, यंत्र धोकादायक म्हणून त्याची माहिती बंद ठेवावी. दुसरा, यंत्र धोकादायक म्हणून त्याची माहिती अधिकृत केंद्राबाहेरच्या प्रशिक्षित कारागिरालाही मिळावी. कारण माहिती नसली तरी दुरुस्ती थांबत नाही. ती फक्त अंदाजाने होते. मॅग्नेट्रॉनचे तंत्र भारताला परके नाही. पिलानीच्या सीरी या संस्थेने आणि बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने सूक्ष्मलहरींच्या नळ्यांवर दशकानुदशके काम केले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्मलहरी विभागातून १९८४ मध्ये मुंबईत ‘समीर’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. ज्ञान देशात आहे, पण ते गल्लीतल्या दुकानापर्यंत उतरलेले नाही.

कायदा हळूहळू त्या दिशेने सरकतो आहे. २०१२ च्या आदेशाने मायक्रोवेव्हसह काही उपकरणांना भारतीय मानकांनुसार नोंदणी सक्तीची झाली. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून रोखल्याबद्दल १४ मोटार उत्पादकांना दंड ठोठावला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पैसे घेऊन विकलेल्या सेवेतील उणिवेबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मुदतवाढ करारही त्यात आला. जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली गेली. शेती अवजारे, मोबाइल, मोटारी आणि घरगुती टिकाऊ वस्तू ही तिची चार क्षेत्रे. मायक्रोवेव्ह चौथ्या गटात मोडतो. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या हक्काचे संकेतस्थळ खुले झाले. फ्रान्सने तर जानेवारी २०२१ पासूनच फोन, लॅपटॉप, धुलाईयंत्र अशा वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापायला सुरुवात केली आहे.

मुदतवाढ योजना सर्वांसाठी वाईट असे नाही. अधिकृत केंद्र जवळ असेल, ओव्हनचा वापर मोठा असेल आणि वगळलेल्या बाबी कमी असतील, तर ती घेण्यात शहाणपण आहे. पण सही करण्यापूर्वी योजनेत काय येते यापेक्षा काय येत नाही ते वाचावे, आणि सुटे भाग आणखी किती वर्षे मिळतील हे लेखी मागावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज काउंटरवर क्वचितच मिळते. दुरुस्तीचा निर्देशांक मोबाइलवरून ओट्यापर्यंत पोहोचला, तर ते खोक्यावरच छापलेले असेल, आणि दाराचा किरकोळ स्विच गेला म्हणून चांगला मॅग्नेट्रॉन असलेला ओव्हन भंगारात जाणार नाही.